रॉकेलच्या बाटलीतला सोडियम आणि हम्फ्री डेव्ही

बारावीच्या केमिस्ट्री लॅबमध्ये एक बाटली असायची, आठवते? सरांच्या टेबलामागच्या कपाटात, कुलूपबंद. आत रॉकेल आणि रॉकेलात बुडालेले मळकट खडे. वर्षातून एकदा सर ती बाहेर काढायचे, चिमट्याने खडा उचलून ब्लेडने त्याचा छोटासा तुकडा कापायचे (कापलेली बाजू क्षणभर चांदीसारखी चमकायची) आणि तो पाण्यात टाकायचे. मग तो तुकडा पाण्यावर सुरसुरत सैरावैरा पळायचा, कधी पेट घ्यायचा आणि मागच्या बाकांवरची मंडळी शिट्ट्या मारायची. सोडियमशी आपली ओळख बहुतेकांची तेवढीच. त्यानंतर तो भेटला तो मेसच्या भाजीत. कधी जास्त, कधी अजिबात नाही!

पण मित्रांनो, हाच सोडियम एकदा अंतराळातही जाऊन आला आहे. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी फ्लोरिडातून कोलंबिया हे अंतराळयान उडाले. आपल्या कर्नालची कल्पना चावला याच यानातून पहिल्यांदा अंतराळात गेली, म्हणून ती तारीख आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. त्याच यानाच्या मालवाहू भागात एका डब्यात सोडियम आणि गंधकाचे चार रिचार्जेबल सेल होते. अशा प्रकारची बॅटरी अंतराळात तपासण्याची ती पहिलीच वेळ.

आता गंमत बघा. त्याच्या बरोबर १९० वर्षे आधी, १९ नोव्हेंबर १८०७ रोजी, लंडनच्या रॉयल सोसायटीत एक २८ वर्षांचा तरुण व्याख्यान द्यायला उभा राहिला. आपण एक नवीन धातू शोधला आहे, खरे तर दोन, असे त्याने सभेला सांगितले. त्यातला एक पोटॅशियम आणि दुसरा सोडियम. दोन्ही त्याने बॅटरी वापरूनच मिळवले होते. त्या तरुणाचे नाव हम्फ्री डेव्ही. त्याच्याकडे कुठल्याही कॉलेजची पदवी नव्हती. सोडियमच्या बॅटरीची गोष्ट सुरू करायची तर या माणसापासूनच करायला हवी.

हम्फ्रीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ चा. गाव पेन्झान्स, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कथिल आणि तांब्याच्या खाणी. वडील रॉबर्ट लाकडावर कोरीव काम करणारे. पाच भावंडांत हम्फ्री सर्वांत मोठा. शाळेत तो काही फार हुशार म्हणून गाजला नाही. मासे पकडणे, कविता करणे आणि मित्रांना रंगवून रंगवून गोष्टी सांगणे यात मात्र पठ्ठ्या तरबेज. ही गोष्ट सांगण्याची हातोटी त्याला आयुष्यभर पुरली.

१७९४ मध्ये वडील वारले आणि घरावर कर्जाचा डोंगर राहिला. हम्फ्री तेव्हा सोळा वर्षांचाही नव्हता. आईने टोप्या आणि कपड्यांचे दुकान चालवून संसार ओढला. दुसऱ्या वर्षी हम्फ्री गावातल्या बोर्लेस नावाच्या डॉक्टरांकडे उमेदवारीला लागला. औषधे कुटायची, मलमे घोटायची, रोग्यांकडे बाटल्या पोचवायच्या. डॉक्टर होण्याचा हाच रस्ता होता.

इथे या मुलाने एक काम केले. आपण काय काय शिकायचे याची एक लांबलचक यादी त्याने वहीत लिहून काढली. भाषा, भूगोल, तर्कशास्त्र, शरीरशास्त्र, गणित... परीक्षेच्या आदल्या रात्री आपण जी टाइमटेबले बनवतो तशी! फरक एवढाच की त्याने ते पाळले. सुमारे १७९८ मध्ये त्याच्या हाती लाव्हॉझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचे रसायनशास्त्राचे पुस्तक पडले. वाचून तो थांबला नाही. घराच्या माळ्यावर औषधांच्या रिकाम्या बाटल्या, स्वयंपाकघरातली भांडी आणि मातीचे चिलमीसारखे पाइप घेऊन त्याने ते प्रयोग करून पाहायला सुरुवात केली. जिथे पुस्तक पटले नाही तिथे वाद घातला. लाव्हॉझिएसारख्या माणसाशी वाद, तोही गावातल्या दवाखान्याच्या पोऱ्याने!

या धडपडीची वार्ता ब्रिस्टॉलच्या डॉ. थॉमस बेडोझ यांच्यापर्यंत गेली. वेगवेगळे वायू हुंगवून फुप्फुसाचे रोग बरे करता येतील का, हे पाहण्यासाठी बेडोझ एक संस्था काढत होते. १७९८ च्या ऑक्टोबरात एकोणीस वर्षांचा डेव्ही तिथल्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. सुरक्षिततेचे नियम वगैरे कोणाला माहीत नव्हते. डेव्ही वायू तयार करी आणि पहिल्यांदा स्वतःच हुंगे. नायट्रस ऑक्साइड हुंगल्यावर त्याला आनंदाचे भरते आले, हसू आवरेना. लगेच कवी मित्रांनाही बोलावून त्याने तो हुंगवला. दुसऱ्या एका वायूने मात्र तो मरता मरता वाचला. त्यात कार्बन मोनॉक्साइड होता. १८०० साली त्याने या सगळ्यावर पुस्तक लिहिले. त्यात, नायट्रस ऑक्साइडने दुखणे कळत नाही तेव्हा शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, अशी नोंदही केली. नोंद केली आणि तो पुढच्या विषयाकडे वळला. दात काढताना हा वायू वापरायला १८४४ साल उजाडले. मधली चव्वेचाळीस वर्षे लोक शुद्धीवर असतानाच कापले जात होते. डेव्हीच्या स्वभावातला एक धागा इथे दिसतो. नवे काही दिसले की तो झेपावायचा, पण दिसलेले शेवटास नेण्याचा धीर त्याला नेहमी असेच असे नाही.

पुढचा विषय होता वीज. १८०० मध्येच इटलीच्या व्होल्टाने आपल्या चळतीची माहिती जगाला कळवली. दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या, मध्ये खाऱ्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे, अशा थरांवर थर. टोकांना तार जोडली की सतत वाहणारी वीज. ही पहिली बॅटरी. थोड्याच आठवड्यांत इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी तिच्या तारा पाण्यात घातल्या आणि पाण्यातून हायड्रोजन व ऑक्सिजन सुटू लागले. डेव्हीच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. वीज पाणी फोडते, तर आणखी काय काय फोडेल?

१८०१ मध्ये डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला आणि पुढच्या वर्षी तिथला प्राध्यापक झाला. त्याची व्याख्याने म्हणजे भन्नाट प्रकार! ठिणग्या, स्फोट, रंगीत ज्वाला आणि जोडीला त्याचे ओघवते बोलणे. कॉलेजात अटेंडन्ससाठी रजिस्टर फिरवावे लागते; तिथे लोक तिकीट काढून यायचे. आल्बमार्ल स्ट्रीटवर घोडागाड्यांची इतकी गर्दी व्हायची की तो रस्ता एकेरी वाहतुकीचा करावा लागला, असे सांगतात.

१८०६ च्या व्याख्यानात त्याने मोठा विचार मांडला. पदार्थांचे घटक एकमेकांना धरून ठेवतात ते विजेच्या आकर्षणानेच. म्हणून पुरेशी वीज दिली तर ते सुटे करता यायला हवेत. या कामासाठी नेपोलियनने ठेवलेले बक्षीस फ्रान्सच्या विद्वत्सभेने त्याला दिले. इंग्लंड आणि फ्रान्स यांचे तेव्हा युद्ध चालू होते!

आता १८०७ चा ऑक्टोबर. हा भाग नीट पाहू, कारण प्रयोग कसा करावा याचा तो वस्तुपाठ आहे. पोटॅश आणि सोडा हे दोन क्षार माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक होते. साबणाला, काचेला ते लागत. ही मूलद्रव्ये नसून संयुगे असावीत अशी शंका होती, पण कोणालाच ती फोडता आली नव्हती. डेव्हीने आपल्या बॅटऱ्या जोडल्या. एकीत तांबे आणि जस्ताच्या बारा इंची २४ पाट्या, दुसरीत सहा इंची १००, तिसरीत चार इंची १५०. आधी त्याने पोटॅश पाण्यात विरघळवून वीज सोडली. बुडबुडे आले, पण ते पाण्याचे. पोटॅश जसाच्या तसा राहिला. बरे, पाणी आड येते ना? मग पाणीच नको. त्याने पूर्ण कोरडा पोटॅश घेतला. त्यातून वीजच वाहेना! मग प्लॅटिनमच्या चमच्यात पोटॅश तापवून वितळवला. आता वीज वाहिली, ऋण टोकाशी काहीतरी तयारही झाले, पण तयार होताक्षणी जळून गेले.

तीन प्रयत्न फसले. पण प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाने एकेक गोष्ट सांगितली होती. जास्त पाणी चालत नाही, अजिबात पाणी नसून चालत नाही, जास्त उष्णताही चालत नाही. ६ ऑक्टोबरला त्याने पोटॅशचा तुकडा थोडा वेळ हवेत उघडा ठेवला. हवेतला ओलावा शोषून त्याचा पृष्ठभाग जेमतेम दमट झाला. तो तुकडा त्याने बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या प्लॅटिनमच्या चकतीवर ठेवला आणि धन टोकाची तार वरून टेकवली. वरच्या बाजूने वायू फसफसू लागला आणि खालच्या बाजूला पाऱ्यासारखे चकचकीत बारीक थेंब दिसू लागले! काही थेंब फटकन पेटले, काहींवर पांढरा थर चढला. चुलतभाऊ एडमंड त्याचा मदतनीस होता. त्याने पुढे सांगितले की डेव्ही आनंदाने खोलीभर नाचत सुटला आणि शांत होऊन पुन्हा कामाला लागायला त्याला वेळ लागला. आपला प्रोजेक्ट पहिल्यांदा चालतो तेव्हा आपणही काय वेगळे करतो?

काही दिवसांनी हीच कृती त्याने सोड्यावर केली. सोडा जास्त चिवट. त्याला बॅटरीचा जोर वाढवावा लागला किंवा सोड्याचे तुकडे खूप पातळ घ्यावे लागले. शेवटी त्यातूनही चांदीसारखा धातू निघाला. सोडियम! सुरीने कापला जाणारा, पाण्यावर तरंगणारा हा कसला धातू, असे अनेकांना वाटले. हवा-पाण्यापासून वाचवण्यासाठी डेव्हीने तो खनिज तेलात बुडवून ठेवला. आपल्या लॅबमधली रॉकेलची बाटली ही त्याचीच परंपरा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे. सोड्यात सोडियम होता, पण धातूच्या रूपात नव्हता. आपल्या भाषेत सांगायचे तर तो एक इलेक्ट्रॉन गमावलेला आयन होता. डेव्हीच्या बॅटरीने त्याला तो इलेक्ट्रॉन जबरदस्तीने परत दिला. त्यासाठी खर्च झालेली ऊर्जा त्या चमकदार थेंबात साठून राहिली. सोडियम पाण्यावर नाचतो, पेटतो, तो याच ऊर्जेपायी. म्हणजे डेव्हीने नकळत सोडियमला चार्ज केले होते. ती ऊर्जा पुन्हा विजेच्या रूपात परत घ्यायची कशी, हा प्रश्न कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

१९ नोव्हेंबरच्या व्याख्यानानंतर चारच दिवसांत डेव्ही गंभीर आजारी पडला. कित्येक आठवडे तो वाचतो की नाही अशी स्थिती होती. चौकशीला इतके लोक येत की प्रकृतीचे वर्तमान लिहून लावावे लागे. तो वाचला आणि १८०८ मध्ये पुन्हा कामाला लागला. कॅल्शियम, बेरियम, स्ट्राँशियम, मॅग्नेशियम... एका वर्षात ओळीने धातू! १८१० मध्ये क्लोरीन हे मूलद्रव्यच आहे हे दाखवून त्याने त्याला नाव दिले. एप्रिल १८१२ मध्ये सर ही पदवी मिळाली आणि तीनच दिवसांनी जेन ॲप्रीस या श्रीमंत विधवेशी लग्न झाले. लाकूड कोरणाऱ्याचा मुलगा आता बड्या लोकांत बसू-उठू लागला.

त्याच वर्षी त्याच्या शेवटच्या व्याख्यानांना एक वीस वर्षांचा पोरगा गॅलरीत बसून भराभर टिपणे घेत होता. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. नाव मायकेल फॅरडे. त्याने ती टिपणे नीट लिहून, आकृत्या काढून, सुमारे तीनशे पानांचे पुस्तक बांधले आणि डेव्हीला पाठवून दिले. काम मागितले. पुढे एका स्फोटात डेव्हीच्या डोळ्याला इजा झाली तेव्हा लिहिण्याच्या कामाला फॅरडेला बोलावले गेले. मग प्रयोगशाळेचा मदतनीस मारामारी केल्यावरून कामावरून गेला आणि १ मार्च १८१३ पासून ती जागा फॅरडेला मिळाली. पगार बेताचा, राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या, शेकायला कोळसा, वाचायला मेणबत्त्या. म्हणजे होस्टेलच की!

ऑक्टोबर १८१३ मध्ये डेव्ही पती-पत्नी युरोपच्या दौऱ्यावर निघाले, सोबत फॅरडे. डेव्हीच्या नोकराने ऐनवेळी यायला नकार दिला, म्हणून त्याची कामेही फॅरडेवर आली. लेडी डेव्ही त्याला नोकरासारखेच वागवत. अपमान गिळून फॅरडे शिकत राहिला. पॅरिसमध्ये डेव्हीने आयोडीन हे मूलद्रव्य आहे हे ओळखले, फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळला आणि तो शुद्ध कार्बन असल्याचे दाखवले. मिलानमध्ये खुद्द व्होल्टाची भेट झाली. शाळा सुटलेल्या त्या पोराचे दीड वर्षाचे इंजिनिअरिंग कॉलेज म्हणजे हा दौरा. प्राध्यापक एकच, पण कसला!

इंग्लंडला परतल्यावर डेव्हीच्या हातून त्याचे सर्वांत परोपकारी काम झाले. २५ मे १८१२ रोजी उत्तर इंग्लंडमधल्या फेलिंगच्या कोळसाखाणीत मिथेन वायूचा स्फोट होऊन ९२ माणसे आणि मुले मेली होती. खाणीत उजेडाला उघडी ज्योत, त्यामुळे असे स्फोट नेहमीचेच. १८१५ मध्ये डेव्हीकडे हा प्रश्न आला. त्याच वर्षाच्या अखेरीला त्याने उत्तर काढले. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी, एका चौरस इंचात ७८४ छिद्रे. हवा आणि उजेड जाळीतून आरपार जातात, पण जाळीचा धातू उष्णता शोषून पसरवतो. त्यामुळे बाहेरचा वायू पेटण्याइतका तापत नाही. जानेवारी १८१६ मध्ये हा दिवा खऱ्या खाणीत उतरला. पेटंट घेऊन डेव्ही गडगंज झाला असता. त्याने घेतले नाही. दिवा सर्वांसाठी खुला ठेवला.

पण याच दिव्यावरून त्याच्या स्वभावाची दुसरी बाजू उघडी पडली. जॉर्ज स्टीफन्सन या खाणीवरच्या मेकॅनिकने त्याच सुमारास स्वतंत्रपणे सुरक्षित दिवा बनवला होता. डेव्हीला हे पटेना. जेमतेम लिहिता-वाचता येणारा माणूस स्वतःच्या डोक्याने हे करूच शकत नाही, त्याने कल्पना चोरलीच असणार, असे त्याने धरून ठेवले. गावच्या दवाखान्यातल्या ज्या पोऱ्याला एकेकाळी कुणीतरी संधी दिली होती, त्यानेच असे म्हणावे? आणि तो मेकॅनिक म्हणजे पुढे आगगाडीमुळे जगभर नाव झालेला स्टीफन्सन!

१८२० मध्ये डेव्ही रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. दुसऱ्याच वर्षी फॅरडेने विजेच्या तारेला चुंबकाभोवती सतत फिरवून दाखवले. मोटरचे मूळ ते हेच. वोलस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाची कल्पना फॅरडेने उचलली, अशी कुजबुज सुरू झाली. खरे काय ते डेव्ही सांगू शकत होता. तो गप्प राहिला. पुढे फॅरडेचे नाव सोसायटीच्या सभासदत्वासाठी पुढे आले तेव्हा अध्यक्ष डेव्हीने विरोध केला, नाव मागे घ्यायला सांगितले. फॅरडेने ते घेतले नाही. ८ जानेवारी १८२४ रोजी गुप्त मतदान झाले. विरोधात फक्त एक मत पडले. ते कोणाचे, हे ज्याने त्याने समजून घ्यावे.

त्याच काळात डेव्हीने नौदलाचे एक काम घेतले होते. जहाजांच्या तळावरचा तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्याने गंजे. डेव्हीने त्याला जस्त किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. ते झिजले, तांबे शाबूत! फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत करोजनच्या धड्यात जो सॅक्रिफिशियल ॲनोड आपण घोकतो, तो हाच. पण गंजण्यातून सुटणारे विषारी तांबे आता पाण्यात उतरेना, त्यामुळे तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटून जहाजे जड झाली. योजना रद्द झाली, हसे झाले. आज जहाजांना आणि पाइपलाइनींना हेच तंत्र वापरतात. डेव्हीच्या वाट्याला मात्र टीकाच आली.

१८२६ च्या अखेरीस त्याला पक्षाघाताचा झटका आला. अध्यक्षपद सोडून तो युरोपात भटकत राहिला. नद्यांकाठी मासे पकडायचे आणि लिहायचे. मूलबाळ नव्हते. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात त्याचे निधन झाले. वय अवघे पन्नास. दफनही तिथेच झाले.

गोष्ट इथे संपत नाही. १८३० च्या दशकात फॅरडेने विद्युत अपघटनाचे नियम मांडले. आयन, इलेक्ट्रोड, ॲनोड, कॅथोड, इलेक्ट्रोलाइट हे शब्द त्याच्यामुळेच रूढ झाले. म्हणजे डेव्हीने १८०७ मध्ये जे केले ते मोजण्याची रीत आणि सांगण्याची भाषा, दोन्ही शिष्याने दिली. शिवाय त्याला आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. सिल्व्हर सल्फाइड आणि लेड फ्लोराइड हे घन पदार्थ तापवल्यावर, न वितळताच, वीज वाहून नेऊ लागतात. काही घन पदार्थांतून आयन सरकू शकतात, हे पुढे उलगडले. कोरडा पोटॅश वीज वाहू देईना म्हणून डेव्ही अडला होता. घन पदार्थातूनही आयनांना वाट मिळू शकते, याची खूण अशी शिष्याला सापडली.

त्या वाटेवर खूप पुढे, १९६० च्या दशकात, अमेरिकेतल्या फोर्ड मोटर कंपनीच्या कुमर आणि वेबर या शास्त्रज्ञांनी बीटा अल्युमिना हे सिरॅमिक वापरून बॅटरी बनवली. एका बाजूला वितळलेले सोडियम, दुसऱ्या बाजूला वितळलेले गंधक, मध्ये सिरॅमिकची भिंत. या भिंतीतून सोडियमचा आयन जातो, इलेक्ट्रॉन जात नाही. डेव्हीच्या जाळीची आठवण येते ना? उजेड जातो, ज्योत जात नाही! इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेने वळसा घालून जावे लागते, आणि तीच आपली वीज. चार्ज करताना सगळे उलटे. आयन भिंतीतून परत येतो, त्याला इलेक्ट्रॉन मिळतो आणि तो पुन्हा चकचकीत धातू होतो. अगदी १८०७ च्या ऑक्टोबरातल्यासारखा.

अंतराळात याची गरज का? पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह साधारण दीड तासात एक फेरी मारतो. त्यातली सुमारे ३५ मिनिटे तो पृथ्वीच्या सावलीत असू शकतो. सौरपट्ट्या बंद, सगळा भार बॅटरीवर. दिवसाला पंधरा-सोळा वेळा, वर्षाला पाच हजारांहून जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज! आणि वजन वर न्यायचे म्हणजे पाण्यासारखा पैसा. तेव्हाच्या निकेल बॅटऱ्या जड होत्या. सोडियम-गंधक दर किलोमागे कितीतरी जास्त ऊर्जा देऊ शकत होती. अडचण अशी की सोडियम ९८ आणि गंधक ११५ अंश सेल्सिअसला वितळते आणि बॅटरीला तर ३०० ते ३५० अंश लागतात. जमिनीवर पातळ पदार्थ भांड्याच्या तळाशी बसतो. जिथे वजनच जाणवत नाही, तिथे तो सिरॅमिकच्या भिंतीला धरून राहील का? हे कागदावर कळण्यासारखे नव्हते. म्हणून कोलंबियातून ते चार सेल पाठवले, प्रत्येकी ४० अँपिअर-अवरचे, अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेचे.

पुढे उपग्रहांत बाजी मारली ती लिथियम-आयनने. भिंतीला तडा गेला तर सोडियम आणि गंधक थेट भेटतात आणि आग लागते, हा धोका जमिनीवरच्या वाहनांत दिसून आला होता. सोडियम-गंधक बॅटऱ्या मग वीजकेंद्रांच्या कामी लागल्या. पण जिथे पृष्ठभागच सुमारे ४६० अंश तापलेला आहे त्या शुक्रावर उतरायचे झाले, तर सोडियम आणि गंधक आपोआपच वितळलेले राहतील, म्हणून अभियंत्यांनी तिथल्यासाठी याच जोडीचा विचार केला आहे. आणि साध्या तापमानाला चालणाऱ्या सोडियम-आयन बॅटरीचे तंत्र आपल्या पुण्यातच, आयसर आणि केपीआयटी यांनी मिळून विकसित करून डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले.

मित्रांनो, जी बॅटरी फक्त देते ती एकदा संपली की कचऱ्यात जाते. जी दोन्ही दिशांनी चालते तीच टिकते. डेव्हीने फॅरडेला भरभरून दिले. पण त्याच्याकडून काही परत घ्यायची वेळ आली तेव्हा त्याचे मन अडले. फॅरडेने मात्र गुरूविषयीचा आदर शेवटपर्यंत सोडला नाही आणि गुरूचे अर्धे राहिलेले कामही टाकले नाही. आपल्या होस्टेलमध्ये सीनियरच्या नोट्स ज्युनियरकडे जातात, सरांचा अपुरा प्रोजेक्ट पुढची बॅच पुरा करते. अशा वेळी आपला ज्युनियर, आपला विद्यार्थी आपल्या पुढे गेला तर कसे वागायचे, हे पेपरात कधी विचारले जात नाही. डेव्हीसारख्या मोठ्या माणसालाही ते जमले नाही. आपल्याला जमते का, बघूया.

आणि हो, लॅबमधली ती रॉकेलची बाटली पुन्हा दिसली तर नुसत्या शिट्ट्या मारू नका. आतला खडा चार्ज होऊन बसला आहे!